पहिल्या कोरलसाठी लाइट कोणता घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाऱ्या पाण्याचा टँक लागला, सायकल, म्हणजे पाण्यातली घाण पचवणारे जीवाणू रुजण्याचा काळ, पूर्ण झाली, दोन क्लाउनफिश रुळले आणि आता रिकाम्या दगडांकडे बघवत नाही. इथपर्यंत आलेल्यांचे लाइटबद्दलचे प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून एका जागी उत्तरं लिहून ठेवतो आहे. माझा कल आधीच सांगतो. पूर्वी नवख्यांची कोरलं उजेड कमी पडून मरायची. आताचे एलईडी इतके ताकदवान झालेत की ती उजेडानेच भाजून निघतात. त्यामुळे खालच्या बऱ्याच उत्तरांचा सूर 'जरा कमी करा' असाच लागेल.

माशांना कुठलाही लाइट चालतो, मग कोरलचेच एवढे लाड का?

माशांच्या टँकवरचा लाइट आपल्यासाठी असतो, मासे दिसावेत म्हणून. कोरलचं तसं नाही. कोरल हा प्राणी आहे, पण त्याच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाची सूक्ष्म एकपेशीय शैवालं राहतात. ती उजेडावर साखर तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतात. पुरेसा उजेड असेल तर अनेक कोरलांची रोजची ऊर्जेची गरज ९० टक्क्यांपर्यंत यातूनच भागते. थोडक्यात, कोरलने आपलं शेत अंगावरच बाळगलेलं असतं आणि तुमचा लाइट हे त्या शेतावरचं ऊन.

याला अपवाद आहेत. सन कोरल, म्हणजे ट्युबास्ट्रिया, याच्यात ही शैवालं नसतात. त्यावर 'कमी उजेडात राहतं' असं लिहिलेलं दिसतं आणि ते खरंही आहे, पण त्याचा अर्थ 'सोपं आहे' असा घेऊ नका. उजेडातून काहीच मिळत नसल्यामुळे त्याचा प्रत्येक पॉलिप, म्हणजे कोरलचं एकेक तोंड, तुम्हाला हाताने भरवावा लागतो. पहिलं कोरल म्हणून ते घेऊ नये.

आधी लाइट घ्यायचा की आधी कोरल ठरवायचं?

आधी कोरल. 'पुढे कधी ॲक्रोपोरासारखं भरपूर उजेड मागणारं कोरल ठेवावंसं वाटलं तर?' असं म्हणून पहिल्याच दिवशी सर्वांत दांडगा लाइट घेणारे बरेच असतात. मग तो वर्षभर वीस टक्क्यांवर चालवतात, किंवा चालवत नाहीत आणि कमी उजेडात राहणारी मशरूम कोरलं भाजतात. दीडेक वर्ष काय ठेवणार आहात तेवढंच डोळ्यांसमोर धरा.

पार म्हणजे काय? आणि कोणाला किती लागतो?

प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा उजेड ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात असतो. एका चौरस मीटरवर दर सेकंदाला त्यातले किती प्रकाशकण पडतात, त्याचा आकडा म्हणजे पार. त्याचं एकक मायक्रोमोल, पण बोलताना सगळे नुसतं 'शंभर पार', 'दीडशे पार' असंच म्हणतात. उष्ण कटिबंधात भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर हा आकडा २००० च्या आसपास जातो. तो ऐकून दचकू नका. आपली नवख्यांची कोरलं त्याच्या कितीतरी खाली समाधानात राहतात.

मशरूम, म्हणजे डिस्कोसोमा आणि रोडॅक्टिस, यांना ३० ते ८० पार पुरतो. खडकाच्या कडेला, सावलीत, वाळूवर, कुठेही बसतील. झोअँथिड, ग्रीन स्टार पॉलिप, झेनिया आणि टोडस्टूलसारखी लेदर कोरलं साधारण ८० ते १५० मध्ये रमतात. मोठ्या पॉलिपच्या दगडी कोरलांपैकी डंकन आणि कँडी केन ६० ते १२० मध्ये, तर हॅमर, फ्रॉगस्पॉन, टॉर्च ही मंडळी ८० ते १५० मध्ये ठेवावीत. छोट्या पॉलिपची दगडी कोरलं, उदाहरणार्थ ॲक्रोपोरा, २०० ते ४०० मागतात, आणि त्याबरोबर अल्कलिनिटी व कॅल्शियमची काटेकोर स्थिरताही मागतात. ती यादी आज बाजूला ठेवा.

हे आकडे म्हणजे रेघ मारून ठेवलेल्या सीमा नव्हेत. एकाच जातीचे दोन तुकडे वेगवेगळ्या टँकमध्ये वाढलेले असतील तर त्यांची सवय वेगळी असते. म्हणून फ्रॅग, म्हणजे कोरलचा विकायला कापलेला छोटा तुकडा, घेताना विकणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: तुमच्याकडे हा कुठल्या लाइटखाली आणि किती खोलीवर होता? उत्तर देणारा कसा आहे तेही त्यातून कळतं.

समजा फक्त सॉफ्ट, म्हणजे दगडी सांगाडा नसलेली, कोरलं आणि एखादं-दुसरं हॅमर ठेवायचं आहे. मग मधल्या उंचीवर १०० ते १२० पार आणि वाळूवर ५० ते ६० देणारा लाइट तुम्हाला पुरून उरेल.

लिटरमागे किती वॉट घ्यावेत?

हा हिशोब नळ्यांच्या काळातला आहे. एलईडीची कार्यक्षमता, लेन्स, तरंगलांबी सगळंच वेगवेगळं असल्यामुळे वॉटवरून फक्त विजेचा खर्च कळतो. उत्पादकाने टँकच्या मापासकट पारचा नकाशा दिला असेल तर तो बघा. कुठल्या उंचीवरून आणि किती खोलीवर मोजला आहे हे लिहिलेलं नसेल, तर त्या नकाशाला फार किंमत देऊ नका.

मग केल्विन?

केल्विन म्हणजे रंगाची छटा, ताकद नव्हे. ६५०० म्हणजे दिवसासारखा पांढरा, १०,००० ला निळसर झाक, २०,००० ला गडद निळा. रीफ टँकवर, म्हणजे कोरलच्या टँकवर, १०,००० ते २०,००० च्या दरम्यान काहीही चालतं. एलईडीत रंगांचे चॅनल तुम्हीच फिरवता, त्यामुळे हा आकडा तिथे नुसता खोक्यावर उरतो.

सगळे रीफ टँक इतके निळे का असतात?

पाणी आधी तांबडा उजेड गिळतं. दहाएक मीटर खाली गेलात तर लाल जवळजवळ संपलेला असतो, निळा मात्र खोलवर पोचतो. लाखो वर्षं त्याच उजेडात राहिल्यामुळे कोरलमधल्या शैवालांची रंगद्रव्यं, म्हणजे क्लोरोफिल ए, क्लोरोफिल सी२ आणि पेरिडिनिन, निळा उजेड फार चांगला शोषतात. ४२० ते ४८० नॅनोमीटरचा पट्टा हे त्यांचं मुख्य अन्न.

दुसरं कारण आपल्या हौसेचं. अनेक कोरलांमध्ये असलेली प्रथिनं निळा उजेड घेतात आणि हिरवा, नारिंगी किंवा लाल परत टाकतात, म्हणून ती चमकतात. यातल्या एका लाल प्रथिनाचं नाव डीएसरेड. ते डिस्कोसोमात सापडलं, १९९९ साली त्याबद्दल प्रसिद्ध झालं आणि आता जगभरच्या प्रयोगशाळांत पेशींना रंगीत खूण करायला वापरलं जातं. ज्या मशरूमला आपण 'नवख्यांचं कोरल' म्हणून बाजूला सारतो त्याच्याच कुळातली ही देणगी.

पण एक मेख आहे, आणि ती नीट समजून घ्या. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याला सर्वांत जास्त दाद देतो. ४५० च्या निळ्याला त्याच्या तुलनेत जेमतेम चार टक्के. म्हणजे निळे चॅनल पूर्ण क्षमतेने ओतत असले तरी आपल्याला टँक अंधुकच वाटतो. माणूस म्हणतो 'काहीच दिसत नाही' आणि टक्के वाढवतो. कोरल तिकडे होरपळतं. माझ्या पाहण्यातली निम्मी ब्लीच झालेली, म्हणजे आतली शैवालं गमावून पांढरी पडलेली, कोरलं या एका गैरसमजाची आहेत, त्यात माझंही एक आहे, पुढे सांगतो.

दिसण्यासाठी उजेड हवा असेल तर संध्याकाळी टँकसमोर बसण्याच्या वेळेला पांढरा चॅनल थोडा वर घ्या. बाकी वेळ निळा मुख्य, पांढरा त्याच्या पाव-तृतीयांश, लाल आणि हिरवा नावापुरते, एवढ्यावर बहुतेक टँक सुखाने चालतात.

एलईडी, टी५ की मेटल हॅलाइड?

आज नव्याने सुरू करत असाल तर एलईडी. कमी उष्णता, मंद करता येतो, टायमर आतच असतो.

टी५ नळ्यांचा उजेड फार सारखा पसरतो, सावल्या पडत नाहीत, आणि अजूनही काही जुनी मंडळी त्यांच्यावरून हलायला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. फक्त नळ्या दर ९ ते १२ महिन्यांनी बदलाव्या लागतात, त्या पेटत असल्या तरी. बदलताना सगळ्या एकदम बदलू नका, आठवड्याला एक करा, नाहीतर कोरलवर अचानक जास्तीचं ऊन पडतं. मेटल हॅलाइड दिव्याखालच्या लहरींची झिलई मी अजून विसरलेलो नाही, पण तो पाणी तापवतो, आणि छोट्या टँकवर चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, घ्यायची वेळ आणतो.

एलईडीच्या खोक्यावर ५०,००० तास लिहिलेले असतात. दिवसाला दहा तास धरले तर तेरा वर्षांहून जास्त. दिवे कदाचित टिकतीलही. आधी जातो तो पंखा किंवा ड्रायव्हर, म्हणजे दिव्यांना वीज पुरवणारा भाग. म्हणून घेताना सुटा पंखा, सुटा ड्रायव्हर मिळतो का ते विचारा. मी दिव्यांच्या संख्येपेक्षा या उत्तरावर जास्त भर देतो.

माझा टँक ९० सेंटिमीटर लांब आहे. एक लाइट पुरेल?

चौकोनी, छोट्या आकाराचा एकच लाइट मधोमध लावलात तर बरोबर खाली २५० पार आणि कोपऱ्यांत ४०, अशी गत होऊ शकते. मधलं कोरल भाजतंय म्हणून लाइट कमी केला की कोपऱ्यातलं उपाशी. ढोबळमानाने एक असा लाइट ६० बाय ६० सेंटिमीटरचा भाग नीट सांभाळतो. ९० साठी दोन मध्यम ताकदीचे लाइट हे एका जबरदस्त लाइटपेक्षा केव्हाही बरे. किंवा टँकच्या लांबीइतकी एलईडी पट्टी, जी सॉफ्ट कोरलला एकटीही पुरते.

एका बिंदूतून येणाऱ्या उजेडाचा आणखी एक तोटा: कोरल वाढलं की स्वतःच्याच खालच्या फांद्यांवर सावली धरतं. दोन बाजूंनी उजेड आला तर हा त्रास कमी होतो. लेन्सचा कोनही बघा. अरुंद कोनाची लेन्स खोल टँकसाठी असते. ४०-४५ सेंटिमीटर खोलीच्या टँकवर ती लावणं म्हणजे टॉर्च मारण्यासारखं.

पाण्यापासून किती उंच लावायचा?

बहुतेक एलईडी २० ते ३० सेंटिमीटरवर. वर नेला की पसारा वाढतो, ताकद घटते. कोपऱ्यांचा प्रश्न कधी कधी एवढ्यानेच सुटतो. फार खाली आणला तर मिठाचे शिंतोडे लेन्सवर बसतात. ते आठवड्याला ओल्या मऊ फडक्याने पुसा, लाइट बंद करून आणि गार झाल्यावर.

पार मीटर नाही. लक्स मीटर किंवा मोबाइलचं ॲप चालेल?

लक्स मीटर माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने मोजतो, म्हणजे वर सांगितलेली निळ्याची चूक तोही करतो. पांढऱ्या उजेडाखाली त्यावरून पारचा अंदाज काढता येतो, निळ्या रीफ एलईडीखाली आकडा फसवा येतो. ॲपचं तेच, शिवाय प्रत्येक फोनचा कॅमेरा वेगळा.

तरीही एका कामाला दोन्ही उपयोगी आहेत: तुलना. त्याच सेटिंगवर मध्यभागी किती आणि कोपऱ्यात किती हे प्रमाण कळतं, आणि सहा महिन्यांनी उजेड घटला आहे का तेही.

खरा पार मीटर विकत घेण्याची गरज नाही. रीफ करणाऱ्या एखाद्या मित्राकडून एका दुपारपुरता उसना आणा. पाण्यातल्या वाचनासाठी सेन्सरला दुरुस्तीचा गुणक लागतो का ते त्यालाच विचारा. काही मीटर तो आपोआप लावतात, काही नाही. टँकचं चित्र काढा, दहा-बारा जागी आकडे लिहा, टक्के लिहा, कागद कपाटाच्या आत चिकटवा. ते एक काम वर्षभर पुरतं.

नवा लाइट पहिल्या दिवशी किती टक्क्यांवर ठेवू?

तुम्हाला जिथे पोचायचं आहे त्याच्या निम्म्याच्या आसपास. मग तीन-चार आठवड्यांत हळूहळू वर. बऱ्याच एलईडींत यासाठी ॲक्लिमेशन नावाची सोय असते, तारीख टाकली की ती स्वतःच रोज थोडं वाढवते.

लाइट जुना आणि कोरल नवं असेल तर लाइटला हात लावू नका. फ्रॅग वाळूवर, कडेला ठेवा. आठवडाभर पॉलिप नीट उघडत असतील तर एक पायरी वर. पुन्हा आठवडा.

आता माझी गोष्ट. पहिलं हॅमर आणलं त्याच आठवड्यात जुन्या नळ्या काढून नवा एलईडी चढवला. निळा पूर्ण, पांढरा कमी, आणि टँक मला अंधाराच वाटत होता. हॅमर मिटून बसलं. मला वाटलं, उजेड कमी पडतोय, म्हणून त्याला उचलून वरच्या दगडावर ठेवलं. चार दिवसांत टोकं पांढरी, दोन आठवड्यांत नुसता सांगाडा. नंतर मीटर लावला तर त्या दगडावर ३८० पार होता.

जास्त झालं की कमी पडतंय, कसं ओळखायचं?

जास्त असेल तर कोरल वरच्या बाजूने फिकट पडतं, पॉलिप दिवसा मिटतात आणि लाइट मावळताना उघडतात, मशरूम आक्रसून कडेला वळतं, कधी दगड सोडून वाहत जाऊन स्वतःच सावली शोधतं. कमी असेल तर झोअँथिडचे (बोलीत झोआंचे) देठ उंच ताणले जातात, मशरूम ताटलीसारखं पसरतं, चमकदार रंग हळूहळू तपकिरी होतात. तपकिरी होणं म्हणजे आजार नव्हे. उजेड कमी म्हणून कोरलने शैवालं वाढवली आहेत, एवढंच. नायट्रेट-फॉस्फेट चढलेलं असतानाही हाच रंग येतो, तेव्हा लाइट वाढवण्याआधी टेस्ट किट काढा.

जास्तीचं नुकसान दिवसांत होतं, कमीचं महिन्यांत. शंका असेल तेव्हा कोणत्या बाजूला चुकायचं ते यावरून ठरवा.

कोरल पांढरं पडलं पण मांस अजून अंगावर आहे, तर ते ब्लीच झालंय, मेलेलं नाही. उजेड कमी करा, बारीक खाद्य द्या, पाणी स्थिर ठेवा. कित्येक आठवड्यांनी रंग परत येऊ शकतो. मांस सुटून सांगाडा उघडा पडला आणि त्यावर शेवाळ धरलं, तर तो भाग गेला.

आणि टोडस्टूल लेदर चार-पाच दिवस मिटून, मेणचट चमक येऊन बसलं असेल तर घाबरू नका. ते कात टाकतंय. त्याच्यावर जरा प्रवाह सोडा. लाइटचा काही संबंध नाही.

दिवसाला किती तास?

आठ ते दहा. त्यात सकाळ-संध्याकाळ एकेक तासाची चढउतार.

तास आणि ताकद एकमेकांत बदलता येतात, मर्यादेत. १२० पारवर दहा तास आणि १५० पारवर आठ तास, दोन्हींची दिवसाची बेरीज सारखीच, साधारण ४.३ मोल. पण म्हणून ६०० पार दोन तास चालेल असं नाही. एका पातळीनंतर शैवालांना जास्तीचा उजेड वापरताच येत नाही, आणि न वापरलेला उजेड पेशींना इजा करतो.

वेळ टायमरवर सोडा. हाताने चालू-बंद करणारा माणूस रविवारी उशिरा उठतो.

लाइटमुळे शेवाळ वाढतं का?

उजेड लागतोच, पण मुळाशी बहुधा नायट्रेट, फॉस्फेट आणि टँकचं लहान वय असतं. पहिले काही आठवडे टँकमध्ये कोरल नसताना पूर्ण लाइट चालवायचं कारणच नाही, तिथे सरळ बचत करा. नंतर हिरव्या केसांसारखं शेवाळ आलं तर पांढरा आणि लाल चॅनल उतरवून बघा, खाद्य कमी करा, गोगलगायी वाढवा. कोरल उपाशी ठेवून शेवाळाला शिक्षा करू नका.

लाइटला हात लावला नाही, तरी कोरल फिकट झालं. असं कसं?

मधल्या काळात ॲक्टिव्हेटेड कार्बन बदललात का? पाणी हळूहळू पिवळसर होत जातं, रोज बघणाऱ्याला ते कळत नाही. ताजा कार्बन टाकला की एका दिवसात पाणी स्वच्छ होतं आणि तोच लाइट कोरलपर्यंत जास्त पोचू लागतो. बऱ्याच दिवसांनी कार्बन टाकणार असाल तर थोडा थोडा टाका, किंवा लाइट दहा टक्के उतरवा. मिठाने माखलेली काचेची झाकणं घासून पुसल्यावरही असंच होतं.

गोड्या पाण्यातल्या वनस्पतींचा लाइट चालेल?

मशरूम जगतील. रंग मरगळलेले दिसतील आणि शेवाळ खूश होईल.

खिडकीतलं ऊन?

फुकट आणि उत्तम, पण त्याला डिमर नाही. ऋतूप्रमाणे कोन बदलतो, पाणी तापतं. घरातल्या टँकसाठी मी त्या वाटेला जात नाही.

रात्री चंद्रप्रकाशाचा निळा दिवा ठेवू का?

कोरलला त्याची गरज नाही. तासभर ठेवा, बघा, बंद करा. रात्र अंधारी असू द्या.

बसवताना काय काळजी घ्यावी?

खारं पाणी विजेचं उत्तम वाहक आहे. वायर सॉकेटकडे जाण्याआधी सॉकेटच्या खालपर्यंत झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळणारा थेंब झोळावरून जमिनीवर पडेल. गळती झाल्यावर वीज तोडणारं ब्रेकर लावून घ्या. लाइट टांगलेला असेल तर दोन स्वतंत्र आधार ठेवा. चालू एलईडीकडे जवळून टक लावून बघू नका, मुलांनाही बघू देऊ नका.

वीज गेली तर कोरल किती वेळ तग धरेल?

उजेडाशिवाय दोन-तीन दिवस सहज. समुद्रावरही ढग दाटतात. आधी काळजी करायची ती प्रवाह आणि प्राणवायूची. बॅटरीवरचा एअर पंप घरात असू द्या, लाइटला बॅकअप लावत बसू नका.

क्लाउनफिशसाठी ॲनिमोन हवंच आहे. याच लाइटवर ठेवू?

बबल टिप ॲनिमोनला सॉफ्ट कोरलपेक्षा बराच जास्त उजेड लागतो, दोनशेच्या आसपास धरा, आणि वर्षभर मुरलेला टँकही लागतो. शिवाय ते चालतं. जागा पसंत पडली नाही तर तुमच्या झोआंवरून डंख मारत फिरतं, आणि कधी वेव्हमेकरमध्ये, म्हणजे पाणी हलवणाऱ्या पंपात, जाऊन अडकतं. क्लाउनफिशला त्याच्यावाचून काही अडत नाही. टोडस्टूल किंवा हॅमर असेल तर पुष्कळदा त्यातच घर करतात. माझ्या जोडीने तर दोन्ही सोडून वेव्हमेकरचं चुंबक निवडलं.